सुरकुत्या मोजणारी पोरं: आई-बाबांच्या ग्रुपला डच बायबल-चित्रं दाखवली त्याचं प्रकरण

नावं कुणाचीच देत नाहीये, गाव-नात्याचे तपशीलही थोडे हलवलेत. बाकी जसं झालं तसं.

पार्श्वभूमी

आम्ही अ‍ॅमस्टेलव्हेनला राहतो. इथे भारतीय भरपूर, त्यात मराठी घरंही बरीच, आणि एप्रिल-मे उजाडला की सगळ्यांचे आई-बाबा येतात. 90 दिवसांचा व्हिसा असतो. पहिले पंधरा दिवस ट्युलिप, पवनचक्क्या, कालव्यातली बोट यात जातात, मग आम्ही ऑफिसला आणि ते घरात. खिडकीतून पाऊस बघायचा आणि भारतात सकाळ कधी होते याची वाट बघायची.

तर आम्ही तिघींनी ठरवलं की म्युझियम दाखवायचं, पण नीट दाखवायचं, नुसतं डच चित्रकार रेम्ब्रांटच्या प्रसिद्ध नाइट वॉच या चित्रासमोर फोटो काढून परत नाही आणायचं. विषय मी सुचवला: म्हातारपण आणि भक्ती. डोक्यात गणित सोपं होतं, ग्रुप 9 जणांचा, वय 62 ते 81, बहुतेक जण रोज काही ना काही वाचणारे, हरिपाठ म्हणा, गुरुचरित्र म्हणा, आणि सतराव्या शतकातल्या डच चित्रांत पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्या बायका आणि दाढीवाले म्हातारे तर ढिगाने आहेत. म्हणजे आपोआप जमणारच.

इथे थोडी माहिती लागेल. 1566 साली या भागात चर्चमधल्या मूर्ती-चित्रांची मोठी तोडफोड झाली, नंतर कॅल्विनपंथीयांच्या, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती-चित्रं न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या हातात चर्च गेली आणि भिंती पांढऱ्या झाल्या. देवळात चित्र नको म्हटल्यावर बायबलमधल्या गोष्टी घरांच्या भिंतींवर आल्या. म्हणून ही चित्रं आकाराने लहान आहेत, जवळ जाऊन बघायची आहेत, आणि त्यात सोन्याचा मुलामा दिलेले संत नाहीत, घरातली वाटतील अशी माणसं आहेत.

आमच्या यादीत पाच चित्रं होती. चार अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली: रेम्ब्रांटचं तोबित आणि त्याची बायको अ‍ॅना (1626), रेम्ब्रांटचीच पुस्तक वाचणारी म्हातारी, जी बहुधा बायबलमधली संदेष्ट्री, म्हणजे देवाचा संदेश सांगणारी, हन्ना आहे (1631), त्याचा शिष्य गेरिट डाऊ याची वाचणारी म्हातारी (1631-32 च्या आसपास), आणि निकोलास मास याची जेवणाआधी प्रार्थना करणारी म्हातारी (1656 च्या सुमाराची). पाचवं हेगच्या मॉरित्सहाउसमधलं, रेम्ब्रांटचं शिमोनाचं स्तोत्र (1631). एका शनिवारी चार, पुढच्या शनिवारी पाचवं असा बेत. मासचं चित्र बायबलमधलं नाही हे मला माहीत होतं, पण ते सोडवेना.

मी चार पानी हँडआउट केलं, मराठीत, मोठ्या टायपात. खूप मेहनत घेतली होती आणि नेमकी तीच मेहनत आड आली.

अडचण

पहिला शनिवार. 5 नंबरच्या ट्रामने म्युझियमप्लाइनला उतरलो, आत गेलो, आणि पहिल्या अर्ध्या तासातच तीन गोष्टी बिघडल्या.

एक. हन्नाच्या चित्रासमोर मी वाचलं, “ही भविष्य सांगणारी हन्ना.” इंग्रजी शब्दावरून मीच केलेलं मराठी. मागून एक काका हळूच म्हणाले, “पोपट कुठेय?” सगळे हसले, मीही हसले, पण चित्र गेलं हातचं. ग्रुपमध्ये एक मावशी होत्या, नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती घरातल्या, ट्राममध्ये बसल्यापासून गप्प. त्या म्हणाल्या, “अगं, संदेष्ट्री म्हण ना. भविष्य सांगणारी म्हणजे हात बघणारी होते.” मराठी बायबलात तोच शब्द आहे. तिथेच पेनाने खोडून लिहिला, म्हणून वरच्या यादीतही तोच दिसतोय.

दोन. मी एक वाक्य फार प्रेमाने लिहिलं होतं की ही बाई बघितली की आपल्या वारीतली माउली आठवते. वाक्य वाचलं आणि पुढची दहा मिनिटं प्रत्येक जण आपापल्या आईबद्दल बोलत होता, कुणाची आई पहाटे काकडा म्हणायची, कुणाच्या आजीचा चष्मा दोऱ्याने बांधलेला होता. सगळं खरं आणि छान, एकीच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण नऊच्या नऊ जण एकमेकांकडे बघत होते आणि चित्राकडे पाठ.

तीन, आणि हे जास्त लागलं. 81 वर्षांच्या आजी, मैत्रिणीच्या सासूबाई, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “म्हाताऱ्यांना म्हातारे दाखवायला आणलंस होय गं.” राग नव्हता आवाजात. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं, कारण खरंच तसंच ठरवलं होतं मी. तरुण लोकांना आणलं असतं तर हाच विषय घेतला असता का? नसता.

समोर काय पर्याय होते

आम्ही तिघी बाजूला जाऊन पटकन बोललो, आवाज खाली ठेवून, कारण दुसरे ग्रुप येत-जात होते.

एक म्हणाली विषयच सोडू, सरळ नाइट वॉच आणि फर्मीरची चित्रं दाखवू, कॉफी पिऊ, घरी. सगळे खूश राहिले असते. मला ते पळून जाणं वाटलं, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पाय तिकडेच वळत होते.

दुसरी म्हणाली तुलना चालू ठेव, लोक बोलतायत ना, तेच तर हवंय, हे काय कॉलेजचं लेक्चर आहे का. हे साफ चूक नव्हतंच, ट्राममध्ये अंग चोरून बसलेली माणसं मोकळी झाली होती ती त्या वारीच्या वाक्यानेच.

तिसरा पर्याय हँडआउट बंद करून नुसतं उभं राहायचा. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, मग ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं. याची भीती अशी की कुणालाच काही दिसलं नाही तर काय करायचं.

चौथा मला रात्री घरी सुचला, तो पुढे येईल.

आम्ही तिसरा घेतला, आणि तोही अर्धवट, कारण मी दोन मिनिटं गप्प बसू शकत नाही हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

काय केलं: पहिला शनिवार

परत हन्नाकडे. चित्र लहान आहे, साधारण 60 बाय 48 सेंटीमीटर, भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा थोडंसंच मोठं. म्हातारीने भला थोरला ग्रंथ मांडीवर घेतलाय, डोक्यावर भरजरी काठाचं वस्त्र, उजेड तिच्या मागून येतो. एवढं मी सांगितलं आणि गप्प.

गप्प बसल्यावर पहिलं बोलले ते पोपटवाले काका. हे काका पूर्वी छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे, आणि दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, “ही वाचत नाहीये. हाताने ओळ धरून ठेवलीय. सोडली की हरवते.”

मग सगळ्यांनी हात बघितला. पानावर सपाट टेकवलेला हात. कातडी इतकी पातळ की बोटांच्या सांध्यांवर आडव्या बारीक घड्या पडल्यात, चहावरची साय सरकल्यासारख्या, आणि हे सगळं टोकदार ब्रशच्या बारीक बारीक फटकाऱ्यांनी केलेलं. चेहरा सावलीत आहे, उजेड आहे तो पानावर आणि हातावर. मी हे चित्र चार वेळा बघितलं होतं आणि चारही वेळा चेहऱ्यावर भक्ती शोधत होते. ती खाली हातात होती.

काकांनी अक्षरंही तपासली, सवयच ती. म्हणाले, ही कुठली लिपी, जुळत नाही काही. बरोबर होतं त्यांचं, अक्षरं हिब्रूसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात हन्नाच्या हातात ग्रंथ नाहीच, तिथे फक्त ती देऊळ न सोडता रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करायची असं आहे. म्हणूनच म्युझियमसुद्धा ‘बहुधा’ हन्ना म्हणतं.

तिथून डाऊच्या म्हातारीकडे. इथे उलटं आहे. पान चक्क वाचता येतं, लूकचा 19 वा अध्याय, पानावर छापील चित्रही रंगवलंय. मावशींनी ओळखलं, “हा जक्कय!” झाडावर चढून बसलेला बुटका जकातदार, जो नंतर आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो. आणि वाचणाऱ्या बाईच्या अंगावर किमती फर. एक काकू म्हणाल्या, “वाचतेय पण देत नसणार काही.” ही शंका जाणकारांनीही घेतलीय हे मी नंतर सांगितलं तर काकूंची कॉलर ताठ.

हे चित्र एके काळी रेम्ब्रांटचंच समजलं जायचं आणि बाई म्हणजे ‘रेम्ब्रांटची आई’. माझ्या हँडआउटमध्येही तसं एक भावुक वाक्य होतं, मुलाने आईला कसं बघितलं वगैरे. ते मी वाचलं नाही, वाचले. त्या काळी ‘ट्रोनी’ नावाचा प्रकार होता, म्हणजे कुणाचं पोर्ट्रेट नाही, नुसता एक चेहरा, एक तऱ्हा: म्हातारा, सैनिक, पगडीवाला. लायडनच्या, म्हणजे रेम्ब्रांट आणि डाऊच्या गावच्या, चित्रकारांकडे तेच तेच म्हातारे चेहरे परत परत दिसतात, आणि लोकांनी पुढे त्यांना आई-बाबा करून टाकलं.

याच बोलण्यात मी सहज म्हटलं की डाऊ हे काढत होता तेव्हा तो 18-19 वर्षांचा होता, 14 व्या वर्षी रेम्ब्रांटकडे शिकायला आला. आणि हन्ना काढणारा रेम्ब्रांट? 25. आणि मास? जन्म 1634, म्हणजे 22.

आजी बाकावरून म्हणाल्या, “तरीच. पोरांनी काढलंय. सुरकुत्या मोजल्यात त्यांनी. आम्ही कुठे मोजतो.”

माझ्यासाठी प्रकरण फिरलं ते इथे. तोवर मी ही चित्रं म्हातारपणाबद्दलची समजत होते. आजींनी एका वाक्यात ती तरुण पोरांनी बघितलेल्या म्हातारपणाबद्दलची करून टाकली, आणि मग बघण्यासारखं एकदम वाढलं, कारण आता प्रश्न असा झाला की पोराला काय दिसलं आणि काय नाही.

तोबितपाशी तर वादच लागला. तोबित आंधळा झालाय, बायको मजुरी करून घर चालवते, मालकाने मजुरीवर एक करडू जादा दिलं, आणि हा म्हणतो चोरून आणलंस. ती चिडते, आणि मग तो मरण मागतो देवाकडे. चित्रात ती करडू काखेत धरून डोळे विस्फारून उभी, तो फाटक्या कपड्यात हात जोडून. रेम्ब्रांट तेव्हा 20 चाही धड नसेल. मावशी म्हणाल्या आमच्या बायबलात तोबित नाही. प्रोटेस्टंट ते पुस्तक मूळ शास्त्रात धरत नाहीत, डच लोकांनीही 1637 च्या अधिकृत भाषांतरात अशी पुस्तकं सगळ्यात शेवटी, सावधानतेच्या सूचनेसकट छापली. पण चित्रकारांना तोबित फार प्रिय. वाद मात्र शास्त्रावर नव्हता. पुरुष मंडळींचं म्हणणं तो देवभक्त आहे, बघा हात जोडलेत. बायकांचं म्हणणं, “हात जोडायला काय जातंय, करडू कुणी आणलं?” भक्ती कुणाची खरी यावर पाच मिनिटं जुंपली, आणि या वेळी बोटं चित्राकडे होती.

मासच्या म्हातारीबद्दल फार नाही सांगत. ती डोळे मिटून प्रार्थना करतेय आणि खाली मांजर पंज्याने टेबलक्लॉथ ओढतंय. सगळ्यांना आवडली, सगळ्यांनी फोटो काढले. भक्तीची परीक्षा, मोह वगैरे मी सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. मांजर जिंकलं.

काय केलं: दुसरा शनिवार

चौथा पर्याय असा की शिमोनासमोर दुसरा शिमोन ठेवायचा.

शिमोनाला सांगितलेलं असतं की मसीहाला, म्हणजे देवाने पाठवलेल्या तारणाऱ्याला, बघितल्याशिवाय तुला मरण नाही. आई-बाप बाळ येशूला देवळात आणतात, दोन पारव्यांचं अर्पण घेऊन, हा बाळाला हातात घेतो आणि म्हणतो, देवा, आता तुझ्या दासाला सुखाने जाऊ दे. रेम्ब्रांटने हा प्रसंग 1631 साली काढला, आणि नंतर अगदी शेवटी परत. 4 ऑक्टोबर 1669 ला तो वारला, 63 वर्षांचा होऊन, तेव्हा तो दुसरा शिमोन स्टुडिओत अपुरा होता. तो आता स्टॉकहोमच्या नॅशनलम्युझियममध्ये आहे, तिथे काही आम्ही नऊ जणांना नेणार नव्हतो. तर मी त्याची ए-थ्री प्रिंट काढली, गुंडाळी करून पिशवीत टाकली, आणि हँडआउट घरी ठेवलं.

हेगला ट्रेनने गेलो, तासाभराच्या आत. मॉरित्सहाउस लहान आहे, वय झालेल्यांना हे फार बरं. शिमोनाचं चित्र पुन्हा तेवढंच, 60.9 बाय 47.9 सेंटीमीटर, पण आत केवढं देऊळ! उंच काळोखे खांब, उजवीकडे माणसांनी भरलेल्या पायऱ्या, आणि मध्ये खाली एका उजेडाच्या पट्ट्यात गुडघ्यावर बसलेला म्हातारा, पांढरी दाढी, बाळ हातात, नजर वर. दोन मिनिटं शांतता, या वेळी खरी दोन.

मग मावशींनी बॉम्ब टाकला. “शिमोन म्हातारा होता असं शास्त्रात कुठेच नाही.” त्यांनी फोनवर मराठी बायबल उघडून वाचून दाखवलं. नीतिमान होता, भक्तिमान होता, वाट बघत होता, एवढंच. 84 चा आकडा आहे तो विधवा हन्नाच्या बाबतीत. शिमोनाचं वय ‘आता जाऊ दे’ यावरून लोकांनी धरलंय. म्हणजे ज्या म्हातारपणासाठी मी हे चित्र यादीत घातलं ते मूळ गोष्टीत लिहिलेलंच नाही! ती दाढी परंपरेने चिकटवली आणि रेम्ब्रांटने ती चमकवली.

आता प्रिंट उलगडली. तिथल्या सुरक्षारक्षकाने एकदा बघितलं, कागद आहे म्हटल्यावर मान हलवली. स्टॉकहोमच्या चित्रात देऊळ नाही. पायऱ्या, खांब, गर्दी काही नाही. एक म्हातारा अगदी पुढे, डोळे जवळजवळ मिटलेले, तोंड किंचित उघडं, आणि बाळ त्याच्या दोन्ही हातांवर आडवं. मागे एक बाई, ती नंतर दुसऱ्या कुणी घातली असावी असं मानतात. रंग खरखरीत, कुठे कुठे नुसता धूर.

कंपोझिटर काका परत हाताकडे गेले. पहिल्या चित्रात शिमोनाने बाळ नीट धरलंय. दुसऱ्यात धरलेलंच नाही, हात ताठ पुढे केलेत, बोटं वळवलेली नाहीत, बाळ नुसतं त्यावर ठेवलंय. काकांनी आपले हात तसे करून दाखवले. “सांधे धरले की असं होतं. मूठ वळत नाही. मग आपण वस्तू धरत नाही, आपल्यावर ठेवून घेतो.”

आजी म्हणाल्या, “इथे सुरकुत्या नाहीत बघ.”

खरंच, एकेक सुटी सुरकुती अशी नाहीच, आहे तो नुसता रंगाचा खडबडीतपणा. पंचविशीतल्या पोराने दाढीचा केसन् केस आणि हाताची घडीन् घडी दाखवली होती, आणि त्रेसष्टीच्या माणसाने ते सोडून देऊन न वळणारी बोटं ठेवली. चित्र अपुरं राहिलं, शिवाय नंतर खराबही झालं, त्यामुळे सगळंच मुद्दाम सोडलं असं म्हणता येत नाही, हे मी तिथेही म्हटलं. पण हात अपुरे वाटत नाहीत.

निकाल

नऊपैकी सहा जणांनी परत जाऊ म्हटलं. दोघांना पहिल्या शनिवारीच पुरे झालं होतं, ते हेगला आले ते फर्मीरचं प्रसिद्ध चित्र, मोत्याच्या कुडीवाली मुलगी, बघायला, आणि बघून खूश झाले, त्यात काही वाईट नाही. एक काका दोन्ही वेळा कंटाळले आणि तसं स्पष्ट सांगितलं.

मावशी, ज्या आधी कुणाशी बोलत नव्हत्या, त्यांना आता ग्रुपमधल्या दोघी-तिघी रोज काहीतरी विचारतात. मावशींच्या सूनबाईंनी मला नंतर मेसेज केला की आई घरी येऊन जक्कयची गोष्ट नातवाला सांगत होत्या.

जे जमलं नाही तेही सांगते. भक्ती या शब्दाचा घोळ शेवटपर्यंत सुटला नाही. आपल्याकडे भक्ती म्हटलं की गाणं, नाचणं, देवाशी भांडणंसुद्धा येतं, आणि या चित्रांत बहुतेक वेळा एक माणूस, एक पुस्तक, शांतता. मी ‘उपासना’ वापरून बघितलं, ते सरकारी वाटलं. मावशींचा शब्द होता ‘भक्तिमान’, तो शिमोनाला बसला, डाऊच्या फरवालीला नाही बसला. शेवटी जिथे शब्द अडला तिथे मी बाई काय करतेय तेवढंच सांगितलं: पान धरलंय, डोळे मिटलेत, वाट बघतेय.

परत करायचं झालं तर

हँडआउट आधी द्यायचं नाही, नंतर द्यायचं. लोक वाचत बसतात, आणि मोठ्या टायपात दिलं तर जास्तच वाचतात.

वारीचं वाक्य काढून टाकणार नाही, जागा बदलेन. ट्राममध्ये बोलायचं ते, चित्रासमोर नाही.

शब्द मराठी बायबलातले घ्यायचे, आणि ग्रुपमध्ये ते बायबल रोज वाचणारं कुणी आहे का हे आधी विचारायचं. मी विचारलं नव्हतं. नऊ मराठी माणसं म्हणजे नऊ हिंदू असं धरून चालले होते, आणि त्यात सगळ्यात जास्त माहिती असलेली व्यक्ती पहिला अर्धा तास मागे उभी राहिली. याला माझ्याशिवाय कुणी जबाबदार नाही.

चार चित्रं एका दिवशी जास्त होतात, दोन पुरे, मध्ये बसायला बाक हवाच. मासची मांजरवाली ठेवायची का यावर आमचं तिघींचं अजून एकमत नाही. मी म्हणते काढा, विषयात बसत नाही आणि बाकीच्यांना खाऊन टाकते. दोघी म्हणतात तू काढलीस तर आम्ही येत नाही.

आणि पुढच्या खेपेला ग्रुप मिसळून करायचा असं चाललंय, आई-बाबांबरोबर कॉलेजातली पोरंही. आजींनी फोनवर अट घातलीय की पोरांचं वय आधी विचारून घ्यायचं, आणि 18 च्या पोराला डाऊच्या म्हातारीसमोर उभं करून सुरकुत्या मोजायला लावायच्या. त्या सप्टेंबरात परत येतायत, तिकीट काढलंय.